चाळीसची सहा पोरं झाली, फेरी बंद करू का?

"काकू, नमस्कार. कोल्हापुरात रंकाळा तलावाच्या बाजूला राहते, वय ३६, बँकेत नोकरी, पोरगी चौथीत. जूनमध्ये कॉलनीच्या ग्रुपवर मेसेज टाकला की रविवारी सकाळी पोरांना घेऊन निसर्ग फेरी काढूया, झाडं-पक्षी बघूया, मोबाईलमधनं जरा बाहेर काढूया त्यांना. पहिल्या रविवारी ४० पोरं आली! फोटो, स्टेटस, सगळं झालं. दुसऱ्या वेळी १७, आणि आता ऑक्टोबर संपत आला तर सहा येतात, त्यात एक माझीच. वर गेल्या महिन्यात मी पोरांना रंकाळ्यातलं 'काळं बदक' दाखवत होते तर कॅमेरा घेऊन आलेले एक काका सगळ्यांसमोर म्हणले, मॅडम ते बदक नाही, आधी स्वतः शिका मग पोरांना शिकवा. पोरं हसली. मी बी.कॉम. आहे, झाडा-पक्ष्यांचं काही शिकलेली नाही. आता मंडळातले लोक म्हणतात असं फुटकळ करत बसण्यापेक्षा एकदाच मोठा इव्हेंट करू, ५० पोरांची बस दाजीपूरला, टी-शर्ट, सर्टिफिकेट, माणशी ६०० रुपये. सासूबाई म्हणतात साप निघाला तर जबाबदार कोण. फेरी बंद करू का बस करू? ता.क. दुर्बीण घ्यायची तर कुठली घेऊ?
— रंकाळ्याकाठची"

अगं रंकाळ्याकाठची,

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा एकाच ठिकाणी अडकले, "सहा येतात" इथं. तू ते असं लिहिलंयस जसं काही दुकान बुडालंय. बाई, सहा पोरं रविवारी सकाळी अंथरुणातनं उठून येतायत, पाच महिने, पावसाळ्यासकट! कोल्हापुरात रविवारी सकाळी माणूस कुठं असतो ते तुला-मला माहिती आहे, मटणाच्या दुकानासमोर रांगेत, आणि ज्या घरात मटण आणायला बाबा गेलेत त्या घरात पोराला फेरीला सोडायला कोण येणार, आई कांदा-खोबरं भाजत असते. ही तुझी खरी स्पर्धा आहे, मोबाईल नव्हे. म्हणून पहिली गोष्ट, वेळ बदल. साडेसहाला सुरू कर आणि आठ म्हणजे आठला पोरं घरात पोचव, किंवा सरळ शनिवार संध्याकाळ धर. माझा अंदाज आहे एवढ्यानंच सहाची नऊ-दहा होतील, आणि दहाच्या वर गेली तर मीच तुला सांगेन की आता बास, दुसरा गट कर.

बंद करू नकोस. बसही करू नकोस, निदान यंदा तरी नको. आता सविस्तर सांगते कारण तू नुसतं हो-नाही विचारलेलं नाहीस.

आधी ते बदक. काका पक्ष्याबद्दल बरोबर होते आणि बोलण्याबद्दल चूक, दोन्ही एकाच वेळी असू शकतं. तू जे दाखवलंस ते वारकरी असणार, काळं अंग आणि कपाळावर पांढरा ठिपका, चोच पण पांढरी, गंध लावल्यासारखं, म्हणून वारकरी. काही लोक चांदवा पण म्हणतात. लांबून पोहताना बदकच वाटतं, मला पण कितीतरी वर्षं वाटायचं. पण बदकाची चोच चपटी, याची टोकदार. आणि खरी गंमत पायात आहे, बदकाची बोटं पडद्यानं जोडलेली असतात, वारकऱ्याची सुटी असतात आणि प्रत्येक बोटाला कडेनं पाकळ्यांसारखे पापुद्रे असतात, पाणी मागं ढकलायला. हा पाणकोंबड्यांच्या नात्यातला, बदकांच्या नाही. उडायचं झालं तर एकदम उडता येत नाही याला, आधी पाण्यावर धपाधप पळत सुटतो आणि मग हवेत जातो, पोरांना ते दाखव, पुढच्या वेळी कुणीच बदक म्हणणार नाही.

पण तू विचारशील की मला हे आधी कसं माहिती असणार. नसणारच. तुला माहिती असायची गरज नाही हेच मी सांगतेय. एक दोनशे पानी वही घे, वर लिही "माहीत नाही वही", आणि फेरीत ज्या ज्या वेळी पोर विचारेल हे काय आहे आणि तुला येत नसेल तिथं थांबून त्या पोरालाच लिहायला लाव. नाव नको, वर्णन. केवढं होतं, चिमणीएवढं का कावळ्याएवढं, चोच कशी, काय करत होतं, एकटं का घोळक्यात, पाण्यात का काठावर. जमलं तर चित्र. घरी जाऊन शोधायचं, मर्लिन नावाचं फुकट ॲप आहे त्यात पक्ष्याचा आकार-रंग-जागा टाकली की तो चार नावं सुचवतो, आवाज पण ऐकतो. झाडा-किड्यांसाठी सीक म्हणून आहे, त्याला खातं पण काढावं लागत नाही म्हणून पोरांना ते बरं. ॲप चुकतात, हे पण पोरांना सांगायचं, एकदा आमच्यात ॲपनं शेवग्याला भलतंच काहीतरी ठरवलं होतं आणि एका पोरीनं सांगितलं की काकू हे खोटं बोलतंय, आमची आजी ह्याच्या शेंगांची आमटी करती. ती पोरगी तिसरीत होती.

आणि त्या काकांना बोलव. खरंच. अशी माणसं निम्मी चिडकी आणि निम्मी एकटी असतात, पहाटे पाचला उठून एका पक्ष्यासाठी दोन तास बसतात आणि घरात कुणी विचारत नाही काय दिसलं. त्यांना म्हण, काका तुम्ही सांगितलंत ते बरोबर होतं, येत्या रविवारी पोरांना वारकऱ्याचे पाय कॅमेऱ्यातनं दाखवाल का. आले तर एक अट घालायची, एका फेरीत पाचच पक्षी सांगायचे, जास्त नाही. नाहीतर ते इंग्रजी-लॅटिन नावांचा पाऊस पाडतील आणि उरलेली सहा पण पळतील. नाही आले तर काय बिघडलं, तू विचारलंस.

आता बसबद्दल. माझाच किस्सा सांगते म्हणजे माझं म्हणणं कुठनं आलंय ते कळेल. बऱ्याच वर्षांपूर्वी मी शाळेत होते, शाळेचं नाव राहू दे, आणि सप्टेंबरात पन्हाळ्यापुढच्या मसाई पठारावर ५५ पोरं घेऊन गेले. हौस माझीच होती, दुसऱ्या कुणाला दोष द्यायचा नाही. पठार फुललेलं होतं, पांढरे गेंद, जांभळा तेरडा, सीतेची आसवं. पोरं बसमधनं उतरली आणि सुटली. म्हणजे सुटणारच, दीड तास कोंबलेली होती. जांभ्या दगडावर बोटभर मातीचा थर, कुठं कुठं तेवढा पण नाही, आणि त्यात ती सगळी फुलं उभी, त्यावरनं ५५ पोरांचे बूट, पकडापकडी, ग्रुप फोटो, डबे, परत फोटो. मी शिट्टी वाजवत होते. सीतेची आसवं हे किती भारी झाड आहे माहिती आहे का, ते किडेखाऊ आहे, मुळांच्या जागी ओल्या मातीत बारीक फुगे असतात त्याला आणि त्यात पाण्यातले सूक्ष्म जीव ओढले जातात, पण ते बघायचं तर पोटावर झोपायला लागतं आणि शांत बसायला लागतं, ५५ जणांत कोण झोपणार. परत येताना एक पोरगा खिडकीत बसून मला म्हणाला, बाई, फुलं कुठल्या पठारावर होती? तो त्यांच्यावरनंच पळत होता. त्या दिवसापासनं मी बस केली नाही.

दाजीपूर माझं पण आवडतं आहे, तसं समजू नकोस. राधानगरी अभयारण्य, १९५८ साली गव्यांसाठी राखलेलं, महाराष्ट्रातलं पहिलं अभयारण्य, आता ३५१ चौरस किलोमीटर आहे आणि २०१२ पासनं पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात मोडतं. आपल्या जिल्ह्यात आहे म्हणून कॉलर ताठ करायला हरकत नाही. पण ते जाऊन-येऊन दीडशेच्या वर किलोमीटर आहे, पोरं पहाटे चारला उठवायची, घाटात दोघं-तिघं ओकणार, पोचेपर्यंत ऊन चढलेलं, आणि गवा दिसतो पहाटे नाहीतर संध्याकाळी, तो पण गप्प बसलं तर. ५० पोरांची एक बस म्हणजे गव्याला अर्ध्या किलोमीटरवरनं निरोप. मग पोरं घरी जाऊन सांगणार, काही नव्हतं तिथं. तीस हजार खर्चून "काही नव्हतं" ऐकायचं असेल तर करा बस. वर्षभर तुझ्या सहा-आठ पोरांनी गप्प बसायला शिकलं की पुढच्या हिवाळ्यात दोन जीपांतनं न्या, वनखात्याचा गाईड घेऊन, रीतसर परवानगी काढून, मुक्कामानं. तेव्हा पोरांना विष्ठा पण दिसेल, खुराचा ठसा पण दिसेल, आणि गवा नाही दिसला तरी चालेल.

मग तोवर करायचं काय, तेच तेच रंकाळा? होय. तेच तेच. हाच माझा मुद्दा आहे आणि मी तो म्हातारीसारखा घोळवणार आहे. एक जागा धर आणि बारा महिने तिथंच जा. ४० पोरं का गळली सांगू का, पहिल्या दिवशी तू त्यांना तीस झाडं, वीस पक्षी दाखवले असशील, म्हणजे सगळं "बघून झालं". बघून झालेल्या सिनेमाला परत कोण जाईल. पण एकच झाड असेल आणि गेल्या वेळी त्याला पानं नव्हती आणि आज आहेत, तर काय झालं ते बघायला पोर येतं.

झाड कुठलं धरायचं म्हणशील तर उंबर धर. तुमच्याकडं काठाला असेलच, नाहीतर कुठल्या तरी दत्ताच्या देवळापाशी नक्की असेल. आपण म्हणतो ना, उंबराचं फूल झालंय तुझं, कधी दिसतच नाहीस. तर त्या फुलाची फेरी कर एक. झाडाखाली पडलेली हिरवट कच्ची उंबरं शोधायची, वाऱ्यानं पडतातच, झाडावरची तोडायची नाहीत म्हणजे कुणाच्या आजीला पण वाईट वाटणार नाही, औदुंबर आहे तो. ब्लेड तुझ्या हातात, पोरांच्या नाही. मधोमध चिरायचं आणि भिंगाखाली धरायचं. आतली सगळी भिंत बारीक बारीक फुलांनी भरलेली असते, शेकडो, म्हणजे ज्याला आपण फळ म्हणतो ती फुलांनी भरलेली पिशवी आहे, फुलं आतल्या बाजूला. म्हणून ती कुणाला दिसत नाहीत. आणि टोकाला जे बारीक भोक दिसतं त्यातनं चिलटाएवढी एक माशी, म्हणजे गांधीलमाशीच्या नात्यातली पण आपल्याला न चावणारी, आत घुसते, घुसताना बहुतेक वेळा तिचे पंख तुटतात, परागकण आत पोचवते, अंडी घालते आणि तिथंच मरते. तिची पोरं आत वाढतात, नर बिनपंखाचे, ते कधी बाहेर जगायला येतच नाहीत, आणि माद्या अंगाला परागकण लावून दुसऱ्या उंबराकडं उडतात. वडाची माशी वेगळी, पिंपळाची वेगळी, उंबराची वेगळी. दोन-चार उंबरं चिरलीस की एखाद्यात जिवंत माशा निघतीलच, बाहेर येऊन भिंगाच्या काचेवर चालायला लागतात. मी हे केलं तेव्हा एक आठ वर्षांची पोरगी ओरडली, "काकू, मी पयला बघितलो!" आणि मग दहा मिनिटं कुणी बोललं नाही, नुसती डोकी एकमेकांवर आपटत होती. आपल्या पोरी "मी बघितलो" म्हणतात त्याला बाहेरचे हसतात, हसू देत.

त्या एका झाडावर पुढचे सहा महिने निघतील. पानांवर गाठी कशाच्या, पिकलेल्या उंबरावर कोण कोण येतं, सकाळी तांबट, संध्याकाळी वटवाघळं, खाली मुंग्या. महिन्याला एकदा झाडाचा फोटो एकाच जागी उभं राहून काढायचा, एवढंच काम.

दुसरं एक काम सांगते, हे पावसाळ्यासाठी राखून ठेव कारण पावसाळ्यातच तुझी पोरं जास्त गळली असणार, आया सोडत नाहीत. जुलैत कोल्हापुरात कुठल्याही घरात सकाळी पहिला प्रश्न काय असतो, पंचगंगा किती फुटावर? राजाराम बंधाऱ्याला ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका, हे आपल्या पोराला पाढ्यांच्या आधी पाठ होतं. २०१९ आणि २०२१ चा पूर ज्यांनी बघितलाय त्यांना सांगायला नको. तर घरोघरी पाऊस मोजायचा. सरळ उभ्या कडांचा काचेचा ग्लास किंवा बरणी गच्चीवर उघड्यावर ठेवायची, झाडाखाली नाही, कौलाखाली नाही, शेजारी दोन विटा म्हणजे वाऱ्यानं पडणार नाही, रोज सकाळी आठला पट्टी लावून मिलिमीटर मोजायचे, पाणी ओतून टाकायचं, लिहायचं. बंधाऱ्याची पातळी बातम्यांत येते ती शेजारी लिहायची. एक महिन्यानं दोन्ही रेघा एका आलेख-कागदावर काढल्या की पोरंच विचारतील, काकू आपल्याकडं दोन दिवस पाऊस नाही तरी नदी का चढली. तिथं खरा धडा सुरू होतो. मग भिंतीवर जिल्ह्याचा नकाशा लाव, कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि पाचवी गुप्त सरस्वती दाखव, पाऊस गगनबावड्याला पडतोय, राधानगरीला पडतोय, आणि राधानगरी धरणाचे सात दरवाजे स्वयंचलित आहेत, धरण भरलं की आपोआप उघडतात, शाहू महाराजांनी बांधायला घेतलेलं धरण ते. आणि मोठ्या पोरांना हिशोब दे, एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी, तर आपल्या हजार स्क्वेअर फुटाच्या गच्चीवर ५० मिलिमीटर पडला तर किती? साडेचार हजार लिटरच्या वर, जवळजवळ एक टँकर, गटारात गेला. हे सगळं घरात बसून होतं, पूर बघायला पुलावर न्यायचं नाही म्हणजे नाही, कुणी कितीही म्हणलं तरी.

आता सासूबाई. त्यांना उडवून लावू नकोस, त्यांचा प्रश्न तुझ्या मंडळातल्या सगळ्यांपेक्षा शहाणा आहे. सहा पोरांमागं तू एक आणि आणखी एक मोठं माणूस पाहिजेच, तू एकटी नको, एक पोर पडलं तर तू त्याला घेऊन जाणार का बाकीच्यांना बघणार. जोड्या लावायच्या, निघताना मोजायचं, पोचल्यावर मोजायचं, पाण्याच्या कडेला कठड्याच्या अलीकडंच थांबायचं, खाली उतरायचं नाही, शेवाळावर तर मोठी माणसं पण घसरतात. फुलपँट आणि बूट, चप्पल घालून आलेल्याला परत पाठव, एकदाच पाठवायला लागतं. प्रत्येक पालकाकडनं एका कागदावर लिहून घे, फोन दोन, ॲलर्जी काय, दमा आहे का, कोण न्यायला येणार.

सापाचं असं, पोरांना नाग, मण्यार, घोणस, फुरसं ही चार विषारी नावं आणि चित्रं माहिती असावीत पण "हा बिनविषारी आहे" असं म्हणून जवळ जायचं शिक्षण अजिबात द्यायचं नाही. दिसला की थांबा, मागं सरका, मोठ्यांना सांगा, संपलं. गवतात, पाल्यात हात घालायचा नाही. दगड उलटायचा झाला तर मोठ्या माणसानंच, आणि पलीकडची कड धरून आपल्याकडं उचलायची, म्हणजे खाली जे असेल ते पलीकडं पळतं आणि दगड तुझ्या आणि त्याच्या मधी राहतो, आणि बघून झालं की दगड होता तसा ठेवायचा, ते कुणाचं तरी घर आहे. समजा चावलाच, तर दोरी बांधायची नाही, चिरायचं नाही, मांत्रिक नाही, हात-पाय हलवू न देता सरळ सीपीआरला, म्हणजे आपल्या सरकारी दवाखान्यात, न्यायचं, ॲम्ब्युलन्सचा फोन १०८. आणि खरं सांगू का, आपल्याकडं फेरीत सापापेक्षा मोठी भीती आग्या मोहोळाची. झाडावर, जुन्या भिंतीवर, गडावर कुठं काळा लटकता पट्टा दिसला की लांबनंच वाट बदलायची, सेंट लावून यायचं नाही, धूर नाही, आणि पोरांच्या हातात दगड असेल तर आधी तो खाली. हे सगळं सासूबाईंना वाचून दाखव, आणि शक्य असेल तर त्यांनाच दुसरं मोठं माणूस म्हणून घे. त्यांना रानभाज्या ओळखता येत असणार, तुला-मला येतात त्यापेक्षा जास्त. खायला देऊ नका फक्त, बघायचं, वास घ्यायचा, घरी जाऊन आजीला विचारायचं.

पैसे. ६०० नको, पण फुकट पण नको, फुकट म्हणलं की लोक येतो म्हणतात आणि झोपतात. महिन्याचे ५० घे, त्यात भिंग, वही, पट्टी आणि प्रथमोपचाराची पेटी येईल, हिशोब ग्रुपवर टाक म्हणजे कुणाच्या तोंडाला काही येणार नाही. टी-शर्टाचा विषय माझ्यासमोर काढू नकोस. सर्टिफिकेटसाठी पालक भांडतातच, तर त्यांना म्हण बारा फेऱ्या झाल्या की वहीवर माझी सही आणि शिक्का, आणि वही पोराच्या हातची पाहिजे. अर्ध्या जणांचा उत्साह तिथंच मावळतो. मंडळाचा पण राग करू नकोस, त्यांच्याकडं माणसं आहेत, मांडव आहे, त्यांना सांग वर्षातनं एक दिवस पोरांच्या वह्या आणि पावसाचे तक्ते गणपतीत मांडवात लावूया. बॅनरवर त्यांची नावं येतील, ते खूश.

पोरांचे फोटो मात्र उघड्या स्टेटसला टाकायचे नाहीत, कुठलं पोर कुठल्या रविवारी कुठं असतं हे गावाला सांगायची गरज नाही. घरट्याचे फोटो तर अजिबात नाहीत, जागा कळली की माणसं जमतात आणि पक्षी अंडी टाकून जातो. आवाज वाजवून पक्षी बोलावणं पण नको, तुझे ते कॅमेरावाले काका केले तर त्यांना प्रेमानं सांग.

पुढच्याच आठवड्यात पक्षी सप्ताह आहे, ५ ते १२ नोव्हेंबर, रानावनावर लिहिणाऱ्या मारुती चितमपल्लींच्या जन्मदिवसापासनं पक्षीतज्ज्ञ सलीम अलींच्या जन्मदिवसापर्यंत, तेव्हा दिवाळी-सुट्टीचं बघून एक फेरी त्याच्या नावानं कर, पोरांना दोघं कोण ते सांग. आणि फेब्रुवारीत चार दिवस जगभर लोक आपापल्या परसातले पक्षी मोजतात, किमान १५ मिनिटं एका जागी थांबून जे दिसेल ते मोजायचं आणि ई-बर्ड नावाच्या पक्षी-नोंदींच्या वेबसाइटवर टाकायचं, त्यात तुझी पोरं बसतील, कारण तोवर वारकरी, टिबुकली, शेकाट्या, ढोकरी, खंड्या आणि शेपूट हलवणारा धोबी एवढे तरी त्यांना येत असतील, बाकीचे वहीत. त्यातला करडा धोबी हिमालयाकडनं आलेला असतो हे सांगितलंस की पोरं त्याच्याकडं जरा आदरानं बघतात. एरवी गटारापाशी फिरणारं पाखरू म्हणून कुणी बघत नाही.

आणि सहापैकी पाच पोरं एखाद्या रविवारी आली नाहीत, एकटी तुझी लेक आणि तू राहिलात, तरी फेरी रद्द करायची नाही. दोघींनी जायचं, वही भरायची, येताना गंगावेशीत दूध प्यायचं.

ता.क.चं उत्तर. दुर्बीण ८ बाय ४० किंवा ८ बाय ४२ घे. पहिला आकडा किती पट मोठं दिसतं तो, १० च्या वरची घेतलीस तर पोरांच्या हातात चित्र इतकं हलतं की डोकं दुखतं. खेळण्याच्या दुकानातली प्लास्टिकची नको, त्यापेक्षा नसलेली बरी. सहा पोरांत एक बास, रांग लागते तेवढ्या वेळात डोळ्यांनी बघायला शिकतात. शिकवताना सांग की आधी पक्षी नुसत्या डोळ्यांनी धरायचा, नजर न हलवता दुर्बीण डोळ्यांशी आणायची, उलटं केलं की आभाळच दिसत राहतं. आणि पट्टा गळ्यात घातल्याशिवाय कुणाच्याच हातात द्यायची नाही, मोठ्या माणसाच्या तर मुळीच नाही. आमची एक अजून रंकाळ्यात आहे, संध्यामठाच्या बाजूला, आणि ती माझ्याच हातनं गेली.

— काकू